फ्रिजवरचा तक्ता

गेल्या महिन्यात मी आमच्या फ्रिजवरचा एक तक्ता काढून टाकला आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

तक्ता लेकीच्या ट्यूशनमधून आलेला. रंगीत, लॅमिनेट केलेला. ‘ऑल्टुगेदर दिसलं की बेरीज. लेफ्ट दिसलं की वजाबाकी. मोर म्हणजे प्लस. ईच म्हणजे गुणाकार. शेअर म्हणजे भागाकार.’ चौथीतल्या मुलांना शाब्दिक उदाहरणं जमावीत म्हणून. बायकोचं म्हणणं होतं, "निदान तिला सुरुवात तरी करता येते." ते खोटंही नव्हतं. तक्ता आल्यापासून लेक शाब्दिक उदाहरण बघून रडायची थांबली होती. वाचायचं, शब्द शोधायचा, चिन्ह टाकायचं, मोकळं व्हायचं.

माझं डोकं फिरलं ते एका साध्या उदाहरणावरून. पुस्तक इंग्रजी माध्यमाचं, पण मी मराठीत सांगतो. मीनाकडे 12 गोट्या आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा 5 गोट्या जास्त आहेत. तर राजूकडे किती? लेकीने लिहिलं 17.

म्हटलं, गोट्या जास्त कुणाकडे?
"मीनाकडे."
मीनाकडे किती?
"बारा."
आणि राजूकडे?
"सतरा."

हे म्हणताना तिचा आवाज जरा पडला. काहीतरी चुकतंय हे तिला कळलं होतं. पण तिने मान वळवून फ्रिजकडे बघितलं आणि ठामपणे म्हणाली, "मोर आहे ना, बाबा."

त्याच आठवड्यातलं दुसरं. राहुल घरातून 50 रुपये घेऊन निघाला, वाटेत काकाने त्याला 20 रुपये दिले. इंग्रजीत ‘राहुल लेफ्ट होम’. झालं, लेफ्ट सापडलं, उत्तर 30. काकाने पैसे दिले आणि पोरगा गरीब झाला! मी हसलो. हसायला नको होतं, ती खट्टू झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली मुलं गणितात कच्ची नाहीत. हिला चार अंकी वजाबाकी हातचे-बितचे घेऊन बरोबर येते. ती कच्ची आहे ते गोष्ट ऐकण्यात, आणि तिला तसं आपणच केलंय. शाब्दिक उदाहरण म्हणजे तीन ओळींची गोष्ट. कुणाकडे काहीतरी होतं, काहीतरी घडलं, आता काय? आपण मुलांना शिकवलं की गोष्ट वाचू नका, गोष्टीत लपलेलं चिन्ह तेवढं हुडका. "बेरीज का वजाबाकी?" हा प्रश्न मूल जन्मतः विचारत नाही.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे 1980च्या सुमारास संशोधकांनी लहान मुलांना एक गंमत घातली होती. जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 मुलांपैकी 76 जणांनी आकडे वापरून वय काढून दिलं. 2018 साली चीनमधल्या एका जिल्ह्यातल्या परीक्षेत जवळजवळ हाच प्रश्न आला आणि पालक खवळले. मला वाटलं, बघू तरी. लेकीला विचारलं: 12 डब्यांच्या लोकलमध्ये दादरला 26 माणसं चढली आणि 10 उतरली, तर मोटरमनचं वय किती?

(दादरला फक्त 26 माणसं चढली, इथेच तिने मला थांबवायला हवं होतं. मुंबईची पोर आहे.)

तिने 16 लिहिलं. मग खोडलं आणि 36 लिहिलं. विचारलं, का गं? तर म्हणे, "सोळा वर्षांच्या मुलाला ट्रेन चालवायला देत नाहीत."

हे उत्तर मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवतोय. पोरीला सगळी अक्कल आहे. सोळा वर्षांचा मोटरमन नसतो हे तिला कळतं. पण ‘हे गणितच होऊ शकत नाही’ असं म्हणायची मुभा आहे हे तिला माहीत नाही. वहीत आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं आणि दिलेला प्रत्येक आकडा वापरायचा असतो, हा नियम ती कुठूनतरी शिकलीय. म्हणजे आपल्याकडूनच.

आता आमच्या अण्णांचं सांगतो. माझे वडील गिरणीत होते, 1982च्या संपानंतर काही वर्षं त्यांनी भाजीची गाडी लावली. रविवारी भांडुपच्या मासळी बाजारात ते नातीला घेऊन जातात. त्या दिवशी मीही होतो. सुरमई नऊशे रुपये किलो, अण्णांना हवी पाऊण किलो. कोळीण मावशींनी मासा तागडीत टाकता टाकता सांगितलं, "अर्ध्याचे साडेचारशे, पावचे सव्वादोनशे, सहाशे पंच्याहत्तर." तोवर अण्णा "पावणेसातशे" म्हणून मोकळे झाले होते. ते पाऊणकीतून, म्हणजे पाऊणच्या पाढ्यातून आले: नऊ पाऊणे पावणेसात, म्हणून नऊशेचे पावणेसातशे. एकच उत्तर, दोन वाटांनी, आणि कागद कुणीच काढला नाही. मावशींना जर मी वहीत ‘नऊशे गुणिले तीन छेद चार’ लिहून दिलं असतं तर त्यांनी मला सुरमई दिली नसती.

हे नुसतं आपल्या बाजारांचं कौतुक नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. त्यात नारळ विकणारा एक बारा वर्षांचा मुलगा आहे. नारळ 35चा. गिऱ्हाइकाने चार मागितले. तो म्हणाला, तिनाचे 105, त्यात 30 म्हणजे 135, एक नारळ 35चा आहे, म्हणजे 140. बरोबर. नंतर त्याच मुलाला कागदावर 35 गुणिले 4 दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं 200. चार नारळांचे दोनशे त्याने गिऱ्हाइकाकडे कधी मागितले नसते, पण कागदावर ते त्याला खटकले नाहीत.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. रस्त्यावर मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या कोरड्या आकडेमोडीत 37 टक्के. आणि शाब्दिक उदाहरणांत 74! म्हणजे शब्दांनी त्यांना अडवलं नाही, उलट हात दिला. आपल्या घरात नेमकं उलटं चित्र आहे. 2025 साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा असाच एक अभ्यास आला. बाजारात झरझर हिशेब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडतात आणि शाळेतली मुलं बाजारच्या हिशेबात. मधला पूल कुणी बांधत नाही.

तर तक्ता काढल्यावर करायचं काय? पहिले चार दिवस मी फक्त ओरडलो, ते सोडून देऊ. संध्याकाळी सातची लोकल पकडून, ठाणे फास्ट चुकली म्हणून स्लोने लटकत आलेल्या बापाने साडेआठला गणित घ्यायला बसूच नये. आता आम्ही शनिवारी सकाळी बसतो.

मी एवढंच करतो की उदाहरणातले आकडे झाकतो. एका आकड्यावर खोडरबर, दुसऱ्यावर शार्पनर. मग म्हणतो, आता गोष्ट सांग, आणि मराठीत सांग. पहिल्यांदा ती चिडली. "नंबरच नाहीत तर करू काय?" तेच तर. आकडे नसले की करण्यासारखं काही उरत नाही, मग नाइलाजाने वाचावं लागतं. "मीनाकडे गोट्या आहेत. राजूकडे पण आहेत. मीनाकडे जास्त आहेत." मग राजूचं उत्तर मीनापेक्षा मोठं येणार का लहान? "लहान." मग काढ खोडरबर. तिने स्वतःच 7 लिहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू हे मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

मराठीत सांगायला लावणं महत्त्वाचं आहे, हे मला उशिरा कळलं. ‘फाइव्ह मोर दॅन राजू’ वाचताना तिच्या डोक्यात पाच आणि मोर एवढंच राहतं. ‘राजूपेक्षा’ म्हटलं की तो ‘पेक्षा’ राजूलाच चिकटलेला असतो, सुटत नाही. मग मराठी शाळेतच का नाही घातलं, असं तुम्ही म्हणाल. तो वाद आज नको. त्यात माझी बाजू लंगडी आहे.

मराठीचेही आपले खड्डे आहेतच. अण्णांनी परवा हिशेबात "एकोणसाठ" म्हटलं आणि हिने 69 लिहिलं. साठ ऐकलं, पुढे नऊ लावला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यावरचे विनोद मीही हिरीरीने पुढे पाठवले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना हे जोडाक्षरांचे, उलटे बोलले जाणारे आकडे जड जातात. त्या 2023 साली गेल्या. मला त्यांचं म्हणणं कळलं ते घरात एकोणसाठचे एकोणसत्तर झाल्यावर. एकोणसाठ हा शब्द जावा असं मला अजूनही वाटत नाही, पण ते विनोद पाठवायला नको होते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. सिंगापूरच्या शाळांत 1980च्या दशकापासून उदाहरणाचं असं पट्ट्या-चौकटींचं चित्र काढायला शिकवतात. मीनाकडे राजूच्या तिप्पट स्टिकर आहेत, दोघांचे मिळून 48. राजूचे किती? मी लगेच ‘समजा राजूकडे क्ष’ सुरू केलं, तिने जांभई दिली. मग कागदावर राजूची एक चौकट काढली, खाली मीनाच्या तशाच तीन. सगळ्या मिळून चार चौकटी, चारांत 48. "बारा!" क्ष वाट बघत बसला. चौथीत त्याचं काही कामही नव्हतं.

भागाकाराची बाकी हा तर स्वतंत्र विनोद आहे. राणीच्या बागेत सहलीला 130 मुलं, एका बसमध्ये 40. उत्तर लिहिलं, ‘3 बसेस, बाकी 10’. बाकी दहा काय भायखळ्यापर्यंत चालत जाणार? तिने उत्तर बदललं नाही, म्हणाली टीचरला बाकी लिहिलेली लागते. आता दोन ओळी लिहितो, एक टीचरसाठी, एक खरी.

टीचरवर माझा राग नाही, हेही सांगतो. वर्गात पन्नास-पन्नास पोरं, तासाला पस्तीस मिनिटं, त्यात कुणाला गोष्ट सांगायला लावणार? ट्यूशनवाल्या ताईंनी तक्ता केला तो पोरांची रड थांबावी म्हणून, आणि ती थांबली. पाढेही पाठ हवेतच, त्याबाबत मी पूर्ण अण्णांच्या पार्टीत. सात आठे छप्पन्नला बोटं मोजणाऱ्या पोराला गोष्ट समजली तरी पुढे दमछाक होते. आणि आकडे झाकण्याने युनिट टेस्टमध्ये चमत्कार झाला असंही नाही. शाब्दिक उदाहरणं पाच होती, तीन बरोबर. एकाचं उत्तर बरोबर होतं पण पायऱ्या लिहिल्या नव्हत्या म्हणून मार्क गेले. बायकोने पेपर माझ्यासमोर ठेवला, काही बोलली नाही. तक्ता अजून कपाटावर आहे, जुन्या कॅलेंडरांच्या खाली. मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे की मला माहीत आहे.

आता शनिवारी शेवटी लेक स्वतः एक उदाहरण रचते आणि आमच्यापैकी कुणाला तरी घालते. परवा अण्णांचा नंबर होता. तिने वहीत लिहून आणलं:

‘आजोबांकडे 500 रुपये होते. त्यांनी बांगड्याचे 3 वाटे घेतले. एक वाटा 120 रुपयांना. घरी येताना मांजराने 2 बांगडे पळवले. तर आजोबांकडे किती रुपये उरले?’

अण्णांनी चष्मा लावला. "एका वाट्यात बांगडे किती?"
"ते लागतच नाही, आजोबा!" ती अक्षरशः पलंगावर उडी मारून ओरडली. "पैसे विचारलेत, मासे नाही!"
अण्णा जरा वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकशे चाळीस. पण मांजर कुणाचं?"