झाड इझलं

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर काजव्यांच्या ट्रिपचा प्लॅन पडला. भंडारदरा, शनिवार-रविवार, बावीस जण, पाच गाड्या. कोण कुठल्या गाडीत, धरणाच्या बाजूची खोली कुणाला, व्हेज किती, नॉनव्हेज किती, ब्लूटूथ स्पीकर कोण आणणार, ड्रोन कोण आणणार. पन्नासेक मेसेज झाले. त्यात काजवा हा शब्द फक्त ग्रुपच्या नावात. मी एवढंच विचारलं, की त्या शनिवारी चंद्र किती असेल? त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. एकाने लिहिलं, "मॅडम, काजवे बघायला चाललोय, चंद्र नाही."

तेव्हापासून डोकं तापलंय. तिथे भांडले नाही, म्हणून इथे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. कसारा घाट, घोटी, शेंडी आणि तिथून जलाशयाच्या कडेकडेने पांजऱ्याला. एका घरी उतरलो. त्या घरच्या मावशींना आधी फोन केलेला, बाकी आमची तयारी म्हणजे खाऊचे डबे आणि छत्र्या. रात्री त्या आम्हाला ओढ्याकडे घेऊन निघाल्या. चालत पंधरा मिनिटांची वाट, तरी आम्ही गाडी काढली, कारण लेक लहान आणि अंधार फार. वळणावर सादड्याचं एक झाड होतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लखलखत होतं, आणि तेही एका ठेक्यात. सगळं झाड एकदम उजळायचं, एकदम काळं व्हायचं, आणि पलीकडचं झाड त्याच्या मागोमाग. गाडीत कुणी बोलेना. मग नवऱ्याने गाडी कडेला लावायला म्हणून वळवली आणि हेडलाइटचा झोत सरळ त्या झाडावर गेला.

पानं दिसली, खोडाच्या खवल्या दिसल्या, फांदीवर अडकलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा दिसली. मघाचं ते झाड मात्र कुठेच नव्हतं. मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या, "दिवा बंद करा वो, झाड इझलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आज तो ड्रोनचा मेसेज वाचला आणि पहिलं तेच आठवलं.

अरे, काजवा तुमच्या रीलसाठी चमकत नाही! नर उडता उडता खूण करतो, मादी पानावरून नाहीतर गवतातून जबाब देते. त्यावर त्यांची जोडी जमते. काही जातींच्या माद्यांना उडायला पंखही नसतात, त्या तिथेच खाली असतात, आपण जिथे बूट घालून 'अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे' करत घुसतो तिथे. अळी महिनोन् महिने ओल्या मातीत गोगलगायी खात वाढते, आणि पंख फुटल्यावर तिच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात. मे संपता संपता सुरू, पाऊस जोरात लागला की संपलं. त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. त्याच दिवसांतला प्रत्येक शनिवार आपण हायबीमने धुऊन काढतो. आणि घरी येऊन म्हणतो, यंदा काजवे कमीच होते हं.

चंद्राचं विचारलं ते त्यासाठी. चांदणं असलं तरी त्यांची चमक फिकी पडते, मग पाच गाड्यांच्या दिव्यांपुढे त्यांचं काय होणार? काजव्यांचा प्लॅन अमावास्येपासून सुरू व्हायला हवा. मग आठवड्याचा मधला वार. मग गावात उतरायची सोय. गाडी अंगणात लावून पुढे पायी. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद, आणि तीही जमिनीकडे धरायची. अंगाला फवारायचे ते डासांचे स्प्रे घरी ठेवायचे, फुलशर्ट घालायचा. यात अवघड काय आहे? पैसेसुद्धा कमीच लागतात. बावीस जणांच्या जेवणाची यादी करायला दोन तास लागतात, आणि कॅलेंडरवर अमावास्या बघायला कुणाला दोन मिनिटं नाहीत.

आणि ते अभयारण्य आहे हो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ सालापासून. आपल्याला ते फक्त 'भंडारदरा साइड' म्हणून माहीत. धरण बघायचंय, बघा ना, १९२६ सालचं दगडी बांधकाम आहे, दिवसभर बघा. कळसूबाई चढा, १६४६ मीटर आहे, अंगातली सगळी मस्ती तिथे जिरवा. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात जाऊन खांबांवरचं कोरीवकाम बघत बसा. उजेडात करण्यासारखं तिथे इतकं आहे. रात्र तेवढी त्यांची त्यांना द्या.

गर्दीमुळे तिथल्या घरांत चार पैसे येतात, हे मान्य. राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजून झालेला, भात पेरायला पाऊस हवा, हातात रोकड नाही, अशा दिवसांत ते पैसे येतात. पण म्हणून आपण वाटेल तसं वागायचं? मावशींनी आम्हाला पिठलं आणि नागलीची भाकरी वाढली. निघताना मी हिशेबाहून थोडे जास्त दिले, तर वरचे मोजून परत केले. त्या माणसांच्या गरजेची ढाल करून आपण त्यांच्या ओढ्यात बाटल्या टाकून येतो.

एसटीने जा, पायी फिरा, हेही सगळ्यांना जमत नाही, ठीक. आमच्याच घरी सासूबाईंचे गुडघे आहेत. त्या अंगणात बसल्या आणि त्यांना तिथूनही दिसले काजवे. आमच्यापेक्षा जास्तच दिसले म्हणतात.

कारण आमचं झाड विझलेलं होतं. दिवे बंद करून आम्ही तसेच उभे राहिलो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. लेक कुजबुजत विचारत होती, "आई, ते गेले का? आपल्यामुळे गेले का?" मला उत्तर देता येईना. मावशी काहीच बोलल्या नाहीत, रागावल्या नाहीत, पदर डोक्यावर घेऊन दगडावर बसून राहिल्या. मग खालच्या फांदीवर एक चमकला. बऱ्याच वेळाने दुसरा. अर्ध्या तासाने निम्मं झाड परत आलं असेल. मघाचा ठेका मात्र पुन्हा जमला नाही, निदान आम्ही होतो तोवर तरी नाही.

इतकं लिहून राग जरा उतरलाय. ग्रुपवरची मंडळी वाईट नाहीत. चंद्रावरून मला हसला तो रोज रात्री सोसायटीबाहेरच्या कुत्र्यांना स्वतः भात कालवून घालतो, मी पाहिलंय. त्या रात्री आम्हीही तसेच गेलो होतो, काही माहीत नसताना. आम्हाला सांगायला गाडीत मावशी होत्या. त्या पाच गाड्यांत कोण असणार आहे? म्हणून उद्या हे सगळं ग्रुपवर पुन्हा लिहीन. हसू देत.

संध्याकाळी मावशींना फोन लावला. पाऊस नाही अजून, म्हणाल्या, वारंही पडलंय, ओढ्याकडं दोन-चार दिसाया लागलेत. मी विचारलं, कधी येऊ? "मंगळवार-बुधवार या. शनवारी आम्हीच त्या अंगाला जात नाय."

मंगळवार-बुधवारची रजा टाकलीय. लेक आत्ता माझ्याशेजारी बसून टॉर्चच्या काचेवर लाल कागद रबरबँडने बसवतेय. तिसऱ्यांदा विचारून झालं तिचं, "गाडी मावशींच्या अंगणातच ठेवायची ना?"