आता तरी कथा वाचा!

विज्ञानपटात पुन्हा तेच! अवकाशात यान फुटतं आणि कानठळ्या बसवणारा स्फोट ऐकू येतो. अरे, तिथं हवाच नाही, तर आवाज येणार कुठून? प्रयोगशाळा म्हटली की चंचुपात्रात हिरवं-निळं पाणी, त्यातून वाफा आणि शेजारी पांढऱ्या कोटातला विक्षिप्त म्हातारा. शेवटी सगळं सुटणार ते चमत्कारानंच. वर म्हणे विज्ञानपटाला पैसा लागतो! विचार करायला कसला आलाय पैसा? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावानं विज्ञानकथा पाठवून बक्षीस मिळवलं. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांनी तर ढीगभर लिहून ठेवलंय. दोन खोल्या आणि चार माणसांत उभ्या राहतील अशा कथा आहेत त्यात. त्या वाचायला काय धाड भरलीय या चित्रपटवाल्यांना?