कंडाली

उत्तराखंडातल्या चोपत्याला आम्ही मोनाल पक्षी बघायला गेलो. म्हणजे मी मोनालसाठी, ही थंड हवेसाठी आणि दोन किलो चिवडा सासूबाईंच्या आग्रहासाठी. ‘तिकडे डोंगरात काय मिळणार खायला?’

वीस वर्षं रविवारी सिंहगड चढणाऱ्याला तिथून तुंगनाथच्या देवळापर्यंतची साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट म्हणजे काय, असा माझा तोरा होता. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि चोपत्यातली चहाची टपरीच तिच्याहून हजारेक मीटर उंच, हा हिशेब पहिल्या वळणावर फुप्फुसांनी मांडून दाखवला. तुंगनाथ ३,६८० मीटरवर आहे. बाजूने लाल बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुलला होता, ओकच्या झाडांवर लंगूर बसले होते. ते माझ्याकडे, दम लागलेल्या नातेवाईकाकडे बघावं तसे बघत होते.

मोनाल हा उत्तराखंडचा राज्यपक्षी. नर असा, की पैठणीच्या दुकानात दहा घड्या एकदम उलगडाव्यात. हिरवा, निळा, जांभळा, तांबूस, वर मोरासारखा तुरा. त्याच्या नादात एक मातकट कोंबडी सारखी फ्रेममध्ये येत होती, तिला मी दोनदा हुसकावलं. वाटाड्या म्हणाला, “भैजी, वो मोनाल ही थी. मादा.”

“तुझं बाईमाणसाकडे लक्ष असतं कधी?” ही म्हणाली.

मग वाटेखालच्या उतारावर नर दिसला. चोचीने माती उकरत होता, कांदे काढणाऱ्या मजुरासारखा मान खाली घालून. श्वास रोखून मी हळूच खाली सरकलो, उजवा हात गवतात टेकवला आणि बेतानं बसलो.

विंचू चावला असं वाटलं. मग विंचवाचे चुलते, मामे, व्याही सगळेच चावले. पातळ ट्रॅक पँट घालून हिमालयात बसू नये, हे कुठल्याही माहितीपत्रकात का छापत नाहीत? माझ्या किंकाळीला मोनालने लांबलचक शीळ घालून उत्तर दिलं आणि तो दरीत झेपावला. फोटोत दालचिनी रंगाचं अर्धं शेपूट आलंय. बाकीचा माझा अंगठा.

“कुछ नहीं, कंडाली है,” वाटाड्या म्हणाला. बिच्छू घास. पानांवर बारीक काटेरी लव असते, ती टोचली की आतलं जहाल पाणी कातडीत उतरतं. उपाय? “हो जाएगा ठीक.”

रात्री ढाब्यावर चुलीभोवती सगळे बसले. मी उभा. दीदींनी मंडुव्याची रोटी वाढली, म्हणजे आपल्या नाचणीची भाकरीच, आणि वर काळपट हिरवी भाजी. जख्याची, म्हणजे तिकडच्या मोहरीसारख्या बियांची फोडणी, दाताखाली कुरकुरणारी.

“कशाची?”

“कंडाली की.”

कोवळे शेंडे चिमट्याने खुडायचे, उकळले की नांगी मोडते. चव पालक आणि अळू यांच्या मधली, पण दोघांपेक्षा रांगडी. उजवा तळवा सुजलेला, म्हणून डाव्या हातात चमचा धरून मी तीन वाट्या खाल्ल्या. प्रत्येक घास चावून चावून.

“भैजी, बैठ के आराम से खाइए ना,” दीदी फार मायेनं म्हणाल्या.

ही चिवड्याच्या डब्यात तोंड खुपसून हसत होती.