प्रात्यक्षिकाचे ‘30 टक्के’ आले कुठून?

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि प्रशिक्षणांच्या स्लाइडवर एक त्रिकोण वर्षानुवर्षं फिरतो आहे. व्याख्यान ऐकून 5 टक्के लक्षात राहतं, वाचून 10, दृक्‌श्राव्य साधनांनी 20, प्रात्यक्षिक पाहून 30, चर्चेतून 50, स्वतः करून 75 आणि दुसऱ्याला शिकवून 90 टक्के. मी विज्ञान शिकवते आणि हा त्रिकोण मला घातक वाटतो. तो प्रमाण मानला की टेबलावर प्रयोग करून दाखवणं हे दुय्यम काम ठरतं.

‘हे संशोधनातून सिद्ध झालं आहे.’ झालेलं नाही. त्रिकोणाशी ज्यांचं नाव जोडतात त्या एडगर डेल यांनी 1946 मध्ये ‘अनुभव शंकू’ मांडला, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. अमेरिकेतली जी संस्था हे आकडे आपले म्हणते, तिच्याकडेही मूळ संशोधन उपलब्ध नाही. शिवाय कोणत्या वयाची मुलं, कोणता विषय, किती दिवसांनी घेतलेली चाचणी? काहीच सांगितलेलं नाही. आणि सगळे आकडे पाचाच्या पटीत!

‘प्रात्यक्षिक पाहून 30 टक्केच राहतं.’ कसं दाखवलं, यावर सगळं अवलंबून असतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. निबंध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी पुढे नव्हती. प्रयोगाआधी ज्यांनी ‘काय होईल?’ याचा अंदाज नोंदवला, त्यांची समज स्पष्टपणे चांगली होती. त्यासाठी लागलेला जादा वेळ होता दोनेक मिनिटांचा.

पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवायचा प्रयोग घ्या. ताटलीतलं पाणी ग्लासात चढतं, आणि ‘ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आता मुलांना आधी विचारा: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी कमी चढेल, तेवढंच, की जास्त? हात वर करून घ्या, फळ्यावर मतं मोजा, मगच ग्लास ठेवा. पाणी जास्त चढतं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! मग एखादी मुलगी सांगते की पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर चढलं. दुसऱ्याला काठाशी आधी बुडबुडे दिसलेले असतात. तिथून गरम होऊन पसरलेली, बाहेर पडलेली आणि मग थंड होऊन आकुंचन पावलेली हवा वर्गाला सापडते. ज्योत सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच विझते, हेही तेव्हाच सांगता येतं. नुसतं बघून ‘एक पंचमांश’ची चूक आणखी पक्की झाली असती.

‘बोलण्याचा उपयोग फक्त 5 टक्के.’ वरच्या प्रयोगातून शिक्षिकेचे प्रश्न काढून टाका. उरतं ओलं ताट.

‘मुलांनी स्वतः करणं नेहमीच श्रेष्ठ.’ जिथं शक्य आहे तिथं जरूर करावं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञान खेळणी मुलांच्याच हातात शोभतात. पण संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात हळूहळू घालायचं, पाणी आम्लात नाही, हे शिक्षकानेच करून दाखवायला हवं. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकणंही तसंच. आणि साठ मुलांत एकच सूक्ष्मदर्शी किंवा एकच व्होल्टमीटर असेल, तर ‘स्वतः करा’ म्हणजे चौघं करतात आणि बाकीची त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहतात. तिथे सगळ्यांना दिसेल असं, मोठ्या आकड्यांचं उपकरण टेबलावर ठेवून विचारत विचारत केलेला प्रयोग जास्त न्याय्य आहे.

पुढच्या प्रशिक्षणात हा त्रिकोण पडद्यावर आला, तर सुलभकांना आकड्यांचा स्रोत जरूर विचारा. आणि त्या तासाला एक प्रयोग करून दाखवायची मागणी करा, अंदाज नोंदवून घेऊन.