समुद्र किती पोटात घालणार?

एखाद्याची चूक माफ करण्याला मराठीत ‘पोटात घालणे’ म्हणतात. समुद्राचा विषय निघाला की मला हा वाक्प्रचार आठवतो, कारण समुद्र अक्षरशः सगळे पोटात घालतो: आपण वाढवलेली उष्णता, धुराड्यांतून सुटलेला कार्बन, नद्यांनी वाहून आणलेला कचरा. मात्र पोटात घेतलेले तो माफ करत नाही. ते त्याच्या खात्यावर जमा राहते, आणि समुद्राविषयीच्या आपल्या बहुतेक चर्चांत नेमका हाच फरक निसटतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचेच पाहा. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तीन हजारांहून अधिक लिटर हवा एका अंशाने तापते. त्यामुळे समुद्राचा वरचा जेमतेम तीन मीटरचा थर एका अंशाने तापायला जेवढी उष्णता घेतो, तेवढीच साऱ्या वातावरणाला पुरते. आणि समुद्राची सरासरी खोली तर सुमारे ३,७०० मीटर आहे. दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातले अंतर सोसण्याजोगे राहते ते बऱ्याच अंशी या पाण्यामुळे. हरितगृह वायूंमुळे गेल्या अर्धशतकात पृथ्वीवर जी जादा उष्णता साठली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने घेतली आणि हवेच्या वाट्याला जेमतेम एक टक्का आली. ज्या तापमानवाढीने आपण हैराण झालो आहोत, ती या एका टक्क्याची आहे.

‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो’ हे वाक्य हल्ली सर्रास वाचायला मिळते. ते प्रेमापोटी लिहिले जाते हे मला कळते, तरीही ते मला पटत नाही. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे समुद्रात होते हे खरे आहे. पण तिथे तयार होणारा जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातलेच जीव आणि जिवाणू वापरून टाकतात. आज हवेत असलेला २१ टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे, आणि ती साठायला सुरुवात करून दिली ती प्राचीन पाण्यातल्या सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंनी. मला ही खरी हकिगत घोषणेपेक्षा कितीतरी मोठी वाटते. त्यांचाच एक आजचा वंशज म्हणजे प्रोक्लोरोकॉकस. एका मिलिमीटरच्या लांबीत असे दीडएक हजार जीव ओळीने बसतील, इतका तो लहान आहे. उष्ण प्रदेशातल्या समुद्राचे चमचाभर पाणी घेतले, तर काचेसारख्या नितळ दिसणाऱ्या त्या पाण्यात या जिवांची संख्या लाखांत असू शकते. तरीसुद्धा १९८०च्या दशकापर्यंत तो अस्तित्वात आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. ज्याला आपण रिकामे पाणी समजत होतो, ते एवढे गजबजलेले होते.

या सूक्ष्म जिवांचे पुढे काय होते, तो भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. मेलेल्या पेशी, इवल्या प्राण्यांची विष्ठा आणि चिकट स्राव यांचे गोळे होऊन त्यांची पांढुरकी भुरभुर अहोरात्र खाली उतरत असते. शास्त्रज्ञ तिला समुद्रातला हिमवर्षाव म्हणतात. दोनशे मीटरच्या खाली प्रकाशसंश्लेषण होण्याइतका उजेड नसतो आणि हजार मीटरच्या खाली सूर्याचा किरणही पोहोचत नाही. तिथल्या बहुतेक जिवांचे पोट या भुरभुरीवर चालते. वाटेत तिचा बराचसा भाग खाल्ला जातो, उरलेला काही आठवड्यांनी तळाला टेकतो आणि त्यातला थोडा कार्बन गाळात गाडला जातो. ध्रुवांजवळ पाणी गोठताना मीठ बाहेर टाकले जाते, त्यामुळे खालचे थंड पाणी अधिक खारट आणि जड होऊन बुडते व आपल्याबरोबर हवेतला कार्बन खोल नेते. असे बुडालेले पाणी पुन्हा वर यायला शेकडो वर्षे लागतात, काही पाण्याला हजार वर्षेसुद्धा.

ही संथ गती हाच समुद्राचा स्वभाव आहे, आणि आपण तिलाच सहनशीलता समजून बसलो आहोत. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषतो. त्याचे मोल तो आपल्या रसायनाने चुकवतो: उद्योगयुग सुरू झाल्यापासून पृष्ठभागाच्या पाण्याची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे, त्यामुळे प्रवाळांना आणि शिंपल्यांना आपले कवच घडवणे जड जाते. शिवाय कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. धोरणांच्या भाषेत समुद्राला ‘कार्बनचे कोठार’ म्हटलेले वाचले की मला खरोखर वाईट वाटते. कोठारात माल ठेवल्याने कोठार बदलत नाही. समुद्र मात्र बदलतो आहे.

म्हणूनच खोल समुद्राच्या तळावरून धातूंचे गोटे उपसण्याच्या घाईला माझा विरोध आहे. बटाट्याएवढे हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि ज्या गाळावर ते पडलेले असतात तो वरून पडणाऱ्या त्याच भुरभुरीने, कणाकणाने, साठतो. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या पॅसिफिकमध्ये, चार हजार मीटरहून अधिक खोलीवर, नांगरासारखे अवजार ओढून अशा उपशाने तळाचे काय होते याची चाचणी घेतली होती. २०१५ मध्ये संशोधक पुन्हा तिथे गेले आणि त्यांनी कॅमेरे खाली सोडले. सव्वीस वर्षे वरून भुरभुर पडत होती, तरीही नांगराचे चर स्पष्ट दिसत होते.