"चार महिने सांगून वर्ष लावलं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपल्या कंपनीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, नावाने आमच्या सॉफ्टवेअर कंपनीबद्दल आलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. "फाउंड्रीसाठी कस्टम सॉफ्टवेअर चार महिन्यांत देतो म्हणून ॲडव्हान्स घेतला, वर्ष उलटलं तरी पूर्ण नाही. चुकलेलं बिल डिलीट होत नाही. फोन उचलत नाहीत. त्यापेक्षा रेडीमेड घेतलं असतं तर परवडलं असतं," असा त्याचा मजकूर. आपल्याला आणि ऑफिसमधल्या मंडळींना जो मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे. फोनबद्दल शेवटी लिहितो.

चार महिन्यांच्या वाक्यावर मात्र गप्प बसणं जमेना. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही सात जण काम करतो, जाहिरात कधी केली नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकाने गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या दुसऱ्याला सांगायचं आणि त्याने आम्हाला फोन करायचा, एवढंच आमचं मार्केटिंग. मागच्या आठवड्यात ठरत आलेल्या एका कामाची बोलणी थांबली आणि त्या पार्टीने कारण म्हणून आपल्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यामुळे जे खरं तर आपल्या केबिनमध्ये बोलायचं, ते इथे सगळ्यांसमोर लिहावं लागतंय. लांबेल, सांभाळून घ्या.

करारात चार महिने लिहिलेत, ते "आयटम मास्टर मंजूर होऊन हातात आल्यापासून" (मास्टर म्हणजे प्रत्येक मालाची नाव-वजनासकट यादी). पान दुसरं, कलम चौथं, खाली आपली सही आणि शिक्का. २०२४ च्या दसऱ्याला ॲडव्हान्स मिळाला तो मास्टरचं काम सुरू करण्यासाठी. मंजूर मास्टर आमच्याकडे आला पुढच्या वर्षीचा पाडवा होऊन गेल्यावर, पावसाच्या तोंडावर, आणि तोही अर्धा. आपण दसऱ्यापासून मोजता, म्हणून वर्ष होतं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा कारखाना नाही त्यांना वाटेल, मास्टर म्हणजे मालाची यादी, त्याला काय एवढं? आमच्या ऑफिसातला मुलगा पहिल्या दिवशी आपल्या स्टोअरमध्ये बसला तेव्हा त्यालाही तसंच वाटलं होतं. आपल्याकडून एक्सेलची जी फाइल आली तिच्यात तीन हजारांवर ओळी होत्या. त्यात एकच फ्लायव्हील "फ्लायव्हील मोठा" म्हणून होता, पुढे "फ्लायव्हील पुणे पार्टी" म्हणून होता, आणखी खाली फक्त ड्रॉइंग नंबरने होता आणि एकदा तर जुन्या ड्रॉइंगच्या नंबराने. चारही ओळींना वजन वेगळं. खरं वजन कुठलं, हे फक्त स्टोअरच्या तात्यांना माहीत. तात्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, त्यांच्याइतका माल ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण तात्या संध्याकाळी डिस्पॅचची गाडी निघाल्याशिवाय बोलत नाहीत, आणि गाडी निघाली की घरी जातात. आमचा मुलगा चहा पिऊन परत. जानेवारीत "उद्या या", मार्चमध्ये "इयर एंडिंग होऊ द्या", मे महिन्यात तात्यांच्या घरचं लग्न. यातलं काहीच चूक नाही हो, कारखाना असाच चालतो. फक्त हे महिने आमच्या खात्यावर टाकू नका. पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) आलाच नाही तर कास्टिंग (ओतलेला भाग) का पडलं नाही, असं आपण आपल्या मोल्डिंगच्या माणसांना विचारत नाही.

"मास्टर नंतर दुरुस्त करू, आधी चालू तरी करा," असं धाकटे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले होते (रिव्ह्यूची भाषा मला त्यांचीच वाटते, चुकत असेन तर क्षमा). मी तेव्हा नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. कास्टिंग आपण मोजतो नगावर आणि विकतो किलोवर. मास्टरमध्ये वजन चुकलं की बिल चुकतं, स्टॉक चुकतो, फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करण्याच्या) मुकादमाचा किलोमागचा हिशेब चुकतो आणि मशीनिंगला बाहेर पाठवलेल्या मालाचं चलन, म्हणजे सोबतचा पाठवणीचा कागदही चुकतो. जॉबवर्कला (असं बाहेरून काम करून घ्यायला) गेलेला माल जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. कुठल्या चलनावरचे किती नग अजून बाहेर आहेत हे सांगणारा रिपोर्ट आपणच पहिल्या मीटिंगमध्ये मागितला होता. एकाच मालाला चार नावं असतील तर तो रिपोर्ट छापला जाईल, पण कुणाच्या कामाला येणार नाही.

सप्टेंबरमधली गोष्ट तर आपल्याला आठवत असेलच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, ट्रॅक्टरचे काही सुटे भाग १८ टक्क्यांवरून ५ वर आले. त्या आठवड्यात आपल्याच ऑफिसमधून दिवसातून चारदा फोन होता की आपल्यातलं कुठलं कास्टिंग कशात मोडतं. ज्या आयटमला तात्यांबरोबर बसून एचएसएन कोड (ज्यावरून जीएसटीचा दर ठरतो तो मालाचा नंबर) लावून घेतला होता, त्यांची बिलं पहिल्या दिवसापासून बरोबर निघाली. अडकले ते मास्टरमध्ये मंजुरी बाकी म्हणून लाल रंगाने ठेवलेले आयटम. त्या लाल ओळी आम्ही उन्हाळ्यात मंजुरीला पाठवल्या होत्या, मेल माझ्याकडे आहे.

मंजुरी आल्यानंतरही काम सरळ चाललं नाही, आणि तो उशीर मात्र आमच्याच नावावर लागतो. रात्री अकराला व्हॉट्सॲप यायचा, "फक्त एक छोटा कॉलम वाढवा." एकदा तो छोटा कॉलम फेटलिंगच्या रेटचा होता. रेट कास्टिंगप्रमाणे वेगळा, मुकादमाप्रमाणे वेगळा आणि रिजेक्ट झालेल्या मालाचे पैसे द्यायचे की नाहीत हे ठरलेलंच नव्हतं. तिथे ब्लो होलचं (ओतताना मालात राहिलेल्या पोकळीचं) रिजेक्शन मुकादमाच्या अंगावर टाकायचं नाही, पण ग्राइंडिंगमध्ये जास्त घासलं गेलं तर टाकायचं, एवढं ठरायलाच तीन मीटिंग लागल्या, आणि त्यातल्या एकीत आवाज वाढले. त्या कॉलमचा एक रुपया जास्तीचा लावला नाही. लावायला हवा होता असं आमचे पार्टनर म्हणतात.

आता रेडीमेडबद्दल. पहिल्याच भेटीत मी काय म्हणालो ते मोठ्या साहेबांनी आठवून बघावं. अकाउंट्स टॅलीतच राहू द्या, त्याला हात लावायचं कारण नाही, तुमच्या अकाउंटंटचा हात बसलाय, सीए तेच मागतात. पगारासाठीही तयार पॅकेज घ्या, आमच्याकडून करून घेऊ नका. कस्टम लागतं ते फक्त भट्टीपासून डिस्पॅचपर्यंत. माझं नुकसान करून सांगितलेली गोष्ट होती ही. आणि तेवढ्या भागासाठीसुद्धा आपण आमच्याआधी एक तयार पॅकेज घेऊन बघितलं होतंच की. ते का बंद पडलं? त्या पॅकेजला कच्चा माल आत आणि पक्का माल बाहेर एवढंच कळायचं. ओतलेल्या धातूतला मोठा भाग रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू) होऊन परत भट्टीत जातो, रिजेक्ट कास्टिंगही तिथेच जातं, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. दर महिन्याला स्क्रॅपचा स्टॉक उणे दाखवायचं आणि अकाउंटंट हाताने एंट्री टाकून तो शून्यावर आणायचे. आज आपल्याकडे हीट नंबर (भट्टीच्या एका खेपेचा नंबर) टाकला की त्या हीटचा चार्ज (भट्टीत घातलेला माल), केमिस्ट्री, त्यातून पडलेले नग आणि मशीनिंगवरून परत आलेलं रिजेक्शन एका स्क्रीनवर दिसतं. रिव्ह्यूमध्ये "पूर्ण नाही" लिहिलंय, त्यात हे चालू असल्याचा उल्लेख कुठेच नाही. मागच्या महिन्यात पुण्याच्या पार्टीचे ऑडिटर आले तेव्हा हाच स्क्रीन त्यांना दाखवला गेला, हे मला आपल्याच क्वालिटीच्या माणसाने कौतुकाने सांगितलं.

बिल डिलीट न होण्याची तक्रार थोडक्यात. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आहे, ऑडिटरला त्यावर आपल्या रिपोर्टात लिहावं लागतं. आपली बिलं आमच्या सॉफ्टवेअरमधून निघून टॅलीत जातात. शिवाय ई-इन्व्हॉइस झालेलं, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल तिथे २४ तासांतच रद्द होतं, त्यानंतर सहसा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वळती करणारा कागद) काढावी लागते. डिलीटचं बटण आम्ही विसरलेलो नाही, मुद्दाम दिलेलं नाही. ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये मिळेल त्यापासून आपण चार हात लांब राहावं.

हे लिहिताना माझा सूर चढला असेल तर माफ करा. आपल्याशी भांडण नाही. या कामात आमचे जितके पैसे गेले तितके आले नाहीत हे आपल्यालाही ठाऊक आहे, शेवटचा हप्ता अजून बाकी आहे आणि त्यासाठी मी एकदाही तगादा लावलेला नाही. ज्या मुलाने आपल्या स्टोअरमध्ये महिनोन्‌महिने बसून तीन हजार ओळी तपासल्या, त्याने रिव्ह्यू माझ्या आधी वाचला. "सर, माझ्यामुळे झालं का?" म्हणून विचारत होता. त्याला मी काय सांगायचं? नाही म्हणालो. पण त्या दिवशी तो जेवायला बाहेर गेला नाही.

फोनचं म्हणाल तर, सपोर्टला आमच्याकडे एकच मुलगी आहे आणि महिनाअखेरीला सगळ्या पार्ट्यांचे फोन एकाच वेळी येतात. त्यासाठी आणखी एक माणूस घेण्याचं चाललंय, वेळाही थोड्या वाढवू. पुढच्या करारांमध्ये मास्टरची तारीख वेगळी आणि ठळक लिहिण्याचाही विचार आहे. आपल्या राहिलेल्या दोन रिपोर्टांवर काम चालू आहे, लवकरच देतो.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणणार नाही, तो आपला हक्क आहे. मास्टर केव्हा मंजूर झाला, तेवढी एक ओळ मात्र त्यात घातलीत तर आमच्यावर उपकार होतील.

सोमवारी सकाळी आमचा मुलगा लाल ओळींचा प्रिंट घेऊन येतोय, आता सव्वाशेच्या आसपास राहिल्यात. तात्यांना त्या दिवशी डिस्पॅचमधून दोन तास मोकळे ठेवा, आणि शक्य झालं तर धाकट्या साहेबांनाही शेजारी बसू द्या. हप्त्याचं आपण समोरासमोर बोलू.

आपला,
संचालक, कोल्हापूर