खानापूरच्या काकांना उत्तर: एकोणिसावा नंबर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या भारताच्या सहा जणांवर, त्यातही मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आलेल्या आपल्या बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मॅरेथॉनचं अंतर मी चुकीचं दिलंय, एकोणिसाव्या नंबराचं एवढं काय कौतुक, हात हलवतच आले की परत, आणि चौगुले मराठी होते हे ठणकावून लिहायला मी का घाबरलो.

पहिलं कबूल. सवयीनं ४२.१९५ किलोमीटर लिहून मोकळा झालो. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली सगळ्यांत लांब. आज रात्री दुरुस्त करतो. पण ही चूक दाखवून तुम्ही तुमचाच दुसरा मुद्दा लंगडा केलात. गडी अर्धा किलोमीटर जास्तच पळाला की!

आता चौगुलेंची वेळ बघा. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. सुवर्णपदकवाला फिनलंडचा कोलेहमाइनेन त्यांच्या साधारण १८ मिनिटं आधी पोचला. भागाकार केला तर चौगुलेंचा किलोमीटर चार मिनिटांच्या आत बसतो. कागदावर कळेना, म्हणून परवा पहाटे तिसऱ्या रेल्वे गेटपासून उद्यमबागेच्या दिशेनं एकच किलोमीटर जीव खाऊन पळालो. पायात महागाचे बूट, रस्ता मोकळा. पाच मिनिटं दहा सेकंद. नंतर चहाच्या गाड्याला धरून उभा राहिलो, तर त्यानं न मागता आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. आता तुमच्या रस्त्याचा हिशेब मांडा: बेळगावातून निघायचं, खानापूर गाठायचं, तिथून वळून देसूरच्या आसपास यायचं. सगळं त्या वेगानं.

आणि हे संघ म्हणून गेले तरी कसे? १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी बघितली आणि त्यांच्या डोक्यात ऑलिंपिक शिरलं. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या मदतीनं परवानगी आली, टाटांनी पदरचे पैसे घातले. चार धावपटू, दोन पैलवान. त्यातले दातार मॅरेथॉन पुरी करू शकले नाहीत. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. तेही तुमच्या लेखी हात हलवतच, नाही का?

नंबराचंच बोलायचं तर १९७६ ला माँट्रियलमध्ये शिवनाथ सिंग अकरावे आले, त्यांच्यापुढं अजून एकही भारतीय गेलेला नाही. २०१६ ला रिओत टी. गोपी पंचविसावे. तेव्हा पळणारे कमी होते, हे मान्य. तरी पहिल्याच खेपेला एकोणिसावा, काका.

राहिलं तिसरं. सीमाप्रश्नावर माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, मीही निषेधाची काळी फीत लावतो. पण नाव जरा सावकाश म्हणून बघा: फडेप्पा दारेप्पा चौगुले. आमच्या गल्लीतले कल्लाप्पा आणि यल्लाप्पा घरात अस्सल मराठी बोलतात, भाजी मार्केटात कन्नडमध्ये भाव करतात. नावावरून वाटणी करायला बसलात तर अर्धं बेळगाव हातातून सुटेल. शिवाय तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, हा वादच जन्माला यायचा होता. मी ‘बेळगावचे’ लिहिलं ते घाबरून नव्हे. मला तेवढंच पुरेसं वाटलं, आजही वाटतं.

टोकियोच्या १९६४ च्या हॉकी सुवर्णातले आपले बंडू पाटील यांच्यावर लिहा म्हणालात, ते लिहितो. आणि रविवारी पहाटे साडेपाचला मी तिसऱ्या गेटजवळ असतो. पहिली एसटी पकडून या की. एकच किलोमीटर.